तंबाखूची पाने : जाती, संस्करण व निपाणी भागातील इतिहास

तंबाखू : (हिं. तमाकू, लॅ. निकोटियाना टॅबॅकम, कुल–सोलॅनेसी). बटाटा, वांगे, मिरची व धोतरा यांच्या कुलातील ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून दक्षिण भारतात ती पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आली. हिचे हिरवे पान कोणीही खात किंवा ओढत नाही. ते वाळवून, मुरवून व काही प्रकारांत आंबवून जे तयार होते त्यासच व्यवहारात तंबाखू म्हणतात. या क्रियेस प्रस्तुत लेखात ‘संस्करण’ अशी संज्ञा वापरली आहे. महाराष्ट्रात व मराठी भाषक सीमाभागात तंबाखूचा विचार करताना निपाणी (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) या गावाचे नाव प्रथम घ्यावे लागते. पानाची जात, ते वाळविण्याची रीत, सरकारचा कर, व्यापाऱ्याची वखार, शेतकऱ्याचे कर्ज आणि वखारीत राबणाऱ्या स्त्रीची मजुरी या सर्वांचे धागे तेथे जितके स्पष्ट दिसतात तितके अन्यत्र क्वचितच दिसतात.

जाती : निकोटियाना या प्रजातीचे नाव फ्रान्सचा पोर्तुगालमधील वकील झां नीको याच्यावरून पडले. या प्रजातीत पुष्कळ जाती असल्या, तरी लागवडीत दोनच महत्त्वाच्या आहेत. निकोटियाना टॅबॅकम ही उंच वाढते, तिची पाने लांबट व फुले गुलाबी असतात. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक व आंध्र प्रदेश येथील बहुतेक लागवड हिचीच आहे. निकोटियाना रस्टिका ही बुटकी, जाड व सुरकुतलेल्या पानांची, पिवळ्या फुलांची असून ती थंड हवा मागते. म्हणून ती प्रामुख्याने उत्तर व पूर्व भारतात पिकते आणि हुक्क्यासाठी व खाण्यासाठी वापरली जाते. दोन्हींचे बी अत्यंत बारीक असते. एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक बिया भरतात, त्यामुळे बी थेट शेतात न पेरता आधी गादीवाफ्यावर रोपे तयार करावी लागतात.

‘जात’ या शब्दाने वनस्पतिशास्त्रज्ञ, शेतकरी व व्यापारी यांना एकच गोष्ट अभिप्रेत नसते. ॲल्बर्ट हॉवर्ड व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने पुसा (बिहार) येथील संशोधन संस्थेत भारतातील तंबाखूचा पद्धतशीर अभ्यास करून १९१० मध्ये टॅबॅकम जातीचे ५१ प्रकार वर्णन केले. त्यांनी पानाचा आकार, देठ, शिरांची ठेवण, झाडाची उंची आणि फुलोरा ही लक्षणे प्रमाण मानली. शेतकऱ्याची नावे निराळ्या तत्त्वावर पडलेली आहेत. ‘सुरती’ म्हणजे गुजरातेकडून बी आलेली, ‘मिरजी’ म्हणजे मिरज भागातली, ‘जवारी’ म्हणजे गावठी. पुढे संशोधन केंद्रांनी निवड करून दिलेल्या एस–२०, एनपीएन–१९० यांसारख्या जाती आल्या व जुनी नावे मागे पडली. आणंद (गुजरात) येथे विडी तंबाखूचे संशोधन केंद्र १९४७ मध्ये सुरू झाले. ‘आणंद’ हे नाव धारण करणाऱ्या जाती निपाणीकडेही पोहोचल्या. व्यापाऱ्याला मात्र बियाणे कोणते याच्याशी फारसे कर्तव्य नसते. तो पान चुरगाळतो, हुंगतो, चिमूटभर ओढून पाहतो आणि कडक, मध्यम किंवा फिकी असे ठरवितो. पंढरपुरी या नावाने खाण्याची जी तंबाखू विकली जाते तिच्या बाबतीतही गिऱ्हाईक नाव पाहते ते चवीची खूण म्हणून, वनस्पतीची जात म्हणून नव्हे. ठाण्याच्या नौपाड्यातील पानपट्टीवर तंबाखू मागणारा मनुष्य जर्द्याचे छापील नाव सांगतो. पान कोणत्या रानातले, हे सांगण्याची त्याला गरज नसते आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

दख्खनमधील आगमन : उत्तर भारतात तंबाखू प्रथम दख्खनमधून गेली, ही गोष्ट नेहमी लक्षात घेतली जात नाही. अकबराचा दूत असद बेग हा विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या दरबारी गेला होता. परत जाताना त्याने तंबाखू व रत्ने जडविलेली नळी बादशहासाठी नेली. असा पदार्थ आपण हिंदुस्थानात पूर्वी पाहिला नव्हता, असे त्याने आपल्या वृत्तांतात नमूद केले आहे. ही घटना १६०४–०५ च्या सुमाराची. अकबराने एकदोन झुरके घेतले, दरबारी हकीमाने अपरिचित वस्तू घेऊ नये म्हणून हरकत घेतली आणि तेथेच वाद झाला. फिरंग्यांतही शहाणे लोक आहेत व ते ही वस्तू वापरतात, असा असद बेगचा युक्तिवाद होता. बादशहाने ती पुन्हा घेतली नाही, पण सरदारांत ती पसरली. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखू ओढण्यास मनाई केली. तिचा फारसा परिणाम झाल्याचे दिसत नाही.

विजापूरला ती कोठून आली असावी, हे सांगण्यास फार तर्क लढवावा लागत नाही. गोवा व कोकण किनाऱ्यावरील बंदरे पोर्तुगीजांच्या हाती होती आणि ब्राझीलमधील तंबाखू लिस्बनमार्गे गोव्यात येत असे. सतराव्या शतकात गोव्यात तंबाखूचा मक्ता हे राज्याच्या उत्पन्नाचे एक साधन बनले होते. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. बाहेरून आलेली तपकीर व पान ही आधीच संस्करण झालेली असत. देशी शेतकऱ्याच्या हाती प्रथम पडले ते बी. पान कसे मुरवावे ही विद्या त्याच्याबरोबर लिहून आली नव्हती. ती येथील ऊन, दव व माती यांच्याशी जुळवून घेत येथेच घडली असली पाहिजे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी संस्कृत ग्रंथांतील तंबाखूचे उल्लेख चिकाटीने गोळा केले. १६०० पूर्वीच्या संस्कृत वैद्यकात ही वनस्पती नाही, पुढील काळातील योगरत्नाकर या ग्रंथात मात्र ती ‘तमाखु’ या नावाने आढळते; यावरून ग्रंथांचा काळ ठरविण्यासाठीही तिचा उपयोग होतो. एखाद्या हस्तलिखितात तमाखु शब्द असेल तर ते अकबराच्या पूर्वीचे असण्याचा संभव नाही, ही कसोटी साधी असली तरी फार उपयोगी ठरली आहे.

संस्करणाचे तत्त्व : पान झाडावरून तोडल्यावर लगेच मरत नाही. त्यातील पेशी काही काळ श्वसन करीत राहतात. या काळात हरितद्रव्य नष्ट होऊन पिवळा रंग उघडा पडतो, पिष्टाचे शर्करेत रूपांतर होते आणि श्वसन चालू राहिल्यास ती शर्कराही खर्च होते. पान केव्हा मारावयाचे, हाच संस्करणाचा सारा प्रश्न आहे. ते लवकर व उष्णतेने मारले तर रंग पिवळा व शर्करा शिल्लक राहते. सावकाश मरू दिले तर रंग तपकिरी होतो व शर्करा जवळजवळ उरत नाही. फार घाई केली तर पान हिरवेच वाळते आणि त्याची किंमत जाते.

सिगारेटसाठी लागणारी व्हर्जिनिया तंबाखू बंद भट्टीत, धूर आत न येऊ देता, लोखंडी नळ्यांतून उष्णता खेळवून वाळवितात. आरंभी ३०°–४०° से. तापमानात पाने पिवळी होऊ देतात, मग ते वाढवीत नेऊन पाते व शेवटी सु. ७०° से. तापमानास मधली शीर वाळवितात. या क्रियेस पाचसात दिवस पुरतात. भारतात या तंबाखूची लागवड गुंतूर भागात १९२० च्या सुमारास स्थिरावली. बर्ली तंबाखू सावलीत, हवेशीर छपराखाली टांगून कित्येक आठवडे वाळवितात. काही खाण्याच्या तंबाखूस धुरी देतात. विडीच्या तंबाखूस मात्र भट्टी, छप्पर वा धूर यांपैकी काहीच लागत नाही. ती उन्हात, शेतातच वाळते. भांडवल न लागणारी ही रीत लहान शेतकऱ्याला परवडणारी आहे. तिचा दुसरा परिणाम असा की, मालाच्या प्रतीचा बराच भाग हवामानावर आणि पुढे वखारीतील कामावर सोपविला जातो.

निपाणीतील रीत : वेदगंगा व दूधगंगा या नद्यांच्या खोऱ्यातील काळी जमीन, पावसाळ्यानंतर टिकून राहणारी ओल आणि कोरडा हिवाळा यांमुळे अक्कोळ, खडकलाट, भोज, सदलगे इ. गावांचा परिसर व लगतचा कागल तालुका विडी तंबाखूस अनुकूल ठरला. पावसाळ्याच्या आरंभी रोपे टाकतात, श्रावण–भाद्रपदात लावणी करतात. झाडास कळ्या दिसू लागताच शेंडा खुडतात व नंतर पानांच्या बगलेतून येणारे फुटवे वारंवार काढून टाकतात. हे काम कष्टाचे व चिकट असते. हात काळे पडतात व कडू होतात. त्यामागील कारण शास्त्राने पुढे उलगडले. निकोटीन पानात नव्हे, तर मुळांत तयार होऊन वर चढते. शेंडा खुडला की मुळांची वाढ जोमाने होते, फुलोऱ्याकडे जाणारा रस पानांकडे वळतो आणि पान जाड व कडक होते. शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक होतेच. मुळांवर वाढणारी बंबाखू ही परोपजीवी वनस्पती वेळीच उपटली नाही तर मात्र हा सारा खटाटोप व्यर्थ जातो.

पानावर गंजासारखे तांबूस ठिपके उमटले म्हणजे पीक तयार झाले. सिगारेटच्या तंबाखूत असे डाग दोष मानतात, विडीच्या तंबाखूत तेच पक्वतेची खूण. माघाच्या सुमारास झाडे वा पाने कापून रानातच पसरतात, उलटवितात व आठदहा दिवस ऊन आणि रात्रीचे दव आळीपाळीने देतात. वाळलेले पान दुपारी हातात घेतले तर त्याचा चुरा होतो. म्हणून ते पहाटे, दवाने मऊ झालेले असतानाच गोळा करतात. त्यानंतर पाने रचून दाबून ठेवतात. या रचाईला येथे चाकी म्हणतात. आतल्या ओलाव्यामुळे व जीवाणूंच्या क्रियेमुळे तिच्यात उष्णता निर्माण होते, तिला ‘ऊब येणे’ असा शब्द आहे. ऊब बेताची असेल तर वास व रंग सुधारतात, उग्रपणा मवाळ होतो. ती हाताबाहेर गेली तर पान काळे पडते व कुजते. म्हणून चाकी उलथापालथ करून पुन्हा रचावी लागते. ऊब किती आली हे हात खुपसून पाहणारे जाणकार असतात. त्यांच्या हाताइतके विश्वसनीय साधन वखारीत दुसरे नसे. शेवटी पाने कुटून, चाळून जर्दा, भुकटी व काडी वेगळी करतात. विडीत भरतात तो जर्दा.

व्यापार व कर : विसाव्या शतकाच्या आरंभापासून विडीचा खप झपाट्याने वाढला. विदर्भ व मध्य प्रांतातील जंगलांत टेंभुर्णीची पाने विपुल होती, सिगारेटच्या मानाने विडी स्वस्त होती आणि स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेटविरुद्ध तिला देशी माल म्हणून मान मिळाला. गोंदिया, भंडारा, कामठी, सिन्नर, अहमदनगर, सोलापूर येथे विडी वळण्याचे कारखाने व घरकाम पसरले [→ विडी उद्योग]. या साऱ्यांना जर्दा हवा होता. तो गुजरातेतील चरोतर आणि निपाणी–जयसिंगपूर–सांगली या दोन पट्ट्यांतून येऊ लागला. निपाणीत वखारी उभ्या राहिल्या आणि मराठा काळात निपाणकर देसायांचे ठाणे असलेले हे गाव तंबाखूची पेठ बनले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, केंद्र सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसविला. पुढच्याच वर्षी तो १९४४ च्या केंद्रीय उत्पादनशुल्क कायद्यात समाविष्ट झाला. या कराचे वैशिष्ट्य असे की, तो तयार मालावरच नव्हे तर कच्च्या पानावरही होता आणि त्याचा दर पानाचे संस्करण कसे झाले आहे व ते कशासाठी वापरावयाचे आहे यांवर ठरत असे. भट्टीत वाळविलेली सिगारेटची तंबाखू, विडीची तंबाखू, हुक्क्याची वा खाण्याची तंबाखू यांना निरनिराळे दर होते. वनस्पतिशास्त्रज्ञ, शेतकरी व व्यापारी यांच्या तीन वर्गीकरणांत अशा रीतीने कारकुनाचे चौथे वर्गीकरण आले, आणि पैशाच्या दृष्टीने तेच सर्वांत वजनदार ठरले. एकच पान विडीस योग्य की केवळ खाण्यास, यावर तंटे होऊ लागले. शेतकऱ्याला लागवडीची नोंद करावी लागे, माल परवान्यावाचून हलविता येत नसे आणि व्यापाऱ्याच्या वखारीवर निरीक्षकाची देखरेख असे.

हे जाचक होते खरे. परंतु पस्तीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या पद्धतीमुळे कोणाच्या रानात किती माल निघाला व कोणाच्या वखारीत किती गेला याची सरकारी नोंद होत असे, हेही विसरता येत नाही. १९७९ मध्ये कच्च्या तंबाखूवरील कर रद्द झाला आणि परवाने संपले. शेतकरी मोकळा झाला, तसा व्यापारीही झाला. १९७५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या तंबाखू मंडळाचे लक्ष प्रामुख्याने व्हर्जिनिया तंबाखूवर होते. गुंतूर व म्हैसूरकडील उत्पादकांना पुढे मंडळाच्या लिलावाचा आधार मिळाला. निपाणीच्या विडी तंबाखूला तसा कोणताही आधार नव्हता. भाव वखारीच्या दारात ठरे. माल नेऊन टाकल्यावर वजनात सूट, धुळीची घट, ‘ऊब नीट आली नाही’ म्हणून कपात आणि पैसे मात्र अनेक हप्त्यांनी, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती.

१९८१ चे आंदोलन : या असंतोषास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने वाचा फोडली. स्थानिक नेतृत्वात प्रा. सुभाष जोशी प्रमुख होते. १४ मार्च १९८१ रोजी पुणे–बंगलोर महामार्गावर निपाणीजवळ शेतकऱ्यांनी ठाण मांडले. स्त्रीपुरुष, मुले व बैलगाड्या यांसह रस्त्यावरच वस्ती झाली. सुमारे तीन आठवडे वाहतूक रोखलेली राहिली. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी नेत्यांना अटक करून रस्ता मोकळा करण्याचा प्रयत्न केला आणि गोळीबार झाला. त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. निपाणी भागात ६ एप्रिल हा दिवस हुतात्म्यांचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला.

या आंदोलनाकडे केवळ भावाचा लढा म्हणून पाहणे अपुरे आहे. विडीची तंबाखू शेतात वाळते, पण तिची प्रत वखारीत सिद्ध होते. चाकीला ऊब देण्याइतका वेळ, जागा आणि पैसा ज्याच्याकडे असेल त्याच्याच हाती भाव राहतो. शेतकऱ्याला माल धरून ठेवता आला असता तर रस्त्यावर बसण्याची पाळी कदाचित आली नसती. सीमाप्रश्नाची किनारही या प्रसंगास होती. निपाणी १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोगाने १९६७ मध्ये हे गाव महाराष्ट्रास द्यावे अशी शिफारस केली, पण तीवर अंमल झाला नाही. तरीही या आंदोलनात भाषेचा प्रश्न बाजूला राहिला व मराठी आणि कानडी शेतकरी एकत्र बसले.

वखारीतील स्त्रिया : शेतकऱ्यांच्या लढ्याचे वृत्त सर्वत्र पोहोचले, वखारीत काम करणाऱ्या स्त्रियांविषयी मात्र अनेक वर्षे फार थोडे लिहिले गेले. कुटणे, चाळणे व निवडणे ही कामे बहुतांशी त्याच करीत. त्यांच्यात दलित व देवदासी स्त्रियांची संख्या मोठी होती. बंद वखारीत तंबाखूची भुकटी हवेत भरून राही. तोंडाला पदर बांधून दिवस काढावा लागे. खोकला, चक्कर, मळमळ ही नेहमीचीच असत. ओल्या पानातील निकोटीन त्वचेतूनही शरीरात जाते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. लावणी व खुडणी करणाऱ्या मजुरांनाही त्यामुळे उलट्या व अशक्तपणा येतो. १९८० च्या सुमारास निपाणीतील या स्त्रियांनी संघटना बांधली व मजुरी, कामाचे तास आणि वागणूक यांसाठी संप केले. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांच्यावर अनुबोधपट तयार केला (१९८२). ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हे त्याचे नाव कामगार स्त्रियांच्याच बोलीतले आहे. संस्करणाची एक पारिभाषिक संज्ञा येथे संपाचे नाव झाली. कोशकाराने तिची नोंद दोन्ही अर्थांनी घ्यावयास हवी.

मशेरी व आरोग्य : महाराष्ट्रात संस्करणाचा शेवटचा टप्पा पुष्कळदा घरातच पार पडतो. तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजून त्याची पूड करतात, तीच मशेरी. दात घासण्याच्या निमित्ताने ती हिरड्यांवर लावतात. कोकण, ठाणे जिल्हा व घाटमाथा येथे हा प्रघात स्त्रियांत विशेष आढळतो. विडी ओढणारी स्त्री समाजात नावे ठेवून घेई. मशेरी लावणारीस कोणी काही म्हणत नसे. व्यसन असे त्यास बहुधा कोणी म्हणालेच नाही, आणि त्यामुळे ते अधिक काळ टिकले.

तंबाखू व तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास मुंबईत पुष्कळ आधी झाला. टाटा रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ओढणे व चघळणे या दोहोंचा घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविला. त्यापुढील संशोधनाने जो दुवा पुरविला तो पुन्हा संस्करणाकडेच नेतो. हिरव्या पानात जवळजवळ नसलेली काही नायट्रोसॅमीन संयुगे पान वाळताना, मुरताना व साठवणीत तयार होतात. त्यांतील दोन प्रमुख संयुगे मानवात कर्करोग करणारी म्हणून आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झाली आहेत. ज्या उबेने चव सुधारते तीच ऊब अशा रीतीने संशयाच्या कक्षेत आली आहे. वाळविण्याची रीत बदलून ही संयुगे कमी करता येतात, पण नाहीशी करता येत नाहीत. म्हणून ‘चांगली मुरलेली तंबाखू निरुपद्रवी’ हा जुना समज सोडून दिला पाहिजे.

भारताने २००३ मध्ये तंबाखूची जाहिरात व विक्री यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. निपाणी परिसरात धरणांचे व उपसा योजनांचे पाणी पोहोचले तसतसा ऊस वाढला, सोयाबीनही आले व तंबाखूचे क्षेत्र आकसत गेले. कायद्यापेक्षा पाण्याने हे काम अधिक केले, असे म्हणावयास हरकत नाही. जेथे पाणी नाही अशा माळरानावरील काळ्या जमिनीत मात्र खरिपाच्या ओलीवर निघणारे व नगद पैसा देणारे दुसरे पीक कोणते घ्यावे, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उरतो. आणि वखारी बंद झाल्या तेव्हा त्यांतील स्त्रियांसाठी त्याला समांतर अशी कोणतीही योजना नव्हती.